बाराव्या पायरीचं गाऱ्हाणं

मंजूकाकी माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती आणि रडता रडताच तिचा उजवा हात माझ्या ट्रंकेत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, पुडी कोंबत होता.

“गेलो रे तुझो बापूस! दर्याचो वाघ गेलो!” ती म्हणाली, आणि तोच सूर न मोडता पुढे, “ह्येच्यात मीठ कमी पडलाहा. ही आदी संपय.”

बाबांना जाऊन तो आठवा दिवस होता. जेवून, हात धुवून, “उद्या वारो पडतलो” असं म्हणत झोपले ते उठलेच नाहीत. पाचव्या दिवशी मुंबईहून माझ्या नावानं तार आली. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हा, बोट तयार आहे. ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. त्या तारेसाठी मी दोन वर्षं मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून पडलो होतो आणि नुकताच घरी आलो होतो. यादीत माझ्या मागे तीसजण उभे होते. सोमवारी मी दिसलो नाही तर मंगळवारी दुसराच कोणी खलाशी म्हणून चढणार आणि माझं नाव पुन्हा तळाला जाणार. म्हणजे शनिवारी दहाच्या एसटीनं निघणं भाग होतं, आणि आज शुक्रवार होता. बाबांचं उरलेलं दिवसकार्य नानाकाका करणार होते. मला जायचं होतं, आणि जायची लाजही वाटत होती.

त्यामुळे घरात एकाच वेळी दोन कार्यक्रम चालले होते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आधी बाबांसाठी रडायचं, मग डोळे पुसून माझ्या ट्रंकेकडे वळायचं. एकानं सोलं आणली, एकीनं बोंबील आणले. एका चुलतभावानं कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो कागद माझ्या खिशात घातला. येताना त्या मापाचे बूट आणायचे होते. आईची तर तारांबळ उडाली होती. नवीन बाईमाणूस दारात दिसलं की ती “आमका टाकून खय गेलास हो!” असा हंबरडा फोडायची, मध्ये श्वास घ्यायची, आणि त्या श्वासात मला विचारायची, “गंजिफ्राक किती घेतलंस?” मी चार म्हटलं की पुढचा हंबरडा जरा जास्त मोठा निघायचा आणि थोड्या वेळानं पाचवा गंजिफ्राक ट्रंकेत येऊन पडायचा. तिचं दुःख खोटं नव्हतं. तिला दोन्ही कामं एकटीलाच उरकायची होती, एवढंच.

दुपारी माणसं पांगली तेव्हा ती पडवीत बसली आणि म्हणाली, “आता गाऱ्हाण्याचा बघा.”

आमच्या कोचरेकरवाडीत क्षितिजापलीकडे जाणाऱ्या माणसासाठी गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. सुरूच्या बनाच्या टोकाला, रेती सुरू होते तिथे, आमच्या शिवेचा राखणदार देवचार आहे. देऊळ नाही, शेंदूर नाही, एक गुडघाभर उंचीचा दगड. वाडीतला वडीलधारा माणूस नारळ घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि जाणाऱ्याला सांभाळ म्हणून सांगतो. बाकीचे पाठीमागून प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणतात. वीस वर्षं हे गाऱ्हाणं बाबाच घालत आले होते.

“गाऱ्हाण्याबिगर माझो झील पाण्यार पाय ठेवचो नाय,” आई म्हणाली. “नायतर ती तार चुलीत घालतंय.”

“गाऱ्हाणा घालूया की,” नाना म्हणाले. “मी घालतंय.”

“भावजी, तुमका सुतक असा.”

नानांनी कपाळावर हात मारला. सुतकातल्या माणसानं देवचाराला नारळ द्यायचा नाही, हे त्यांनीच लहानपणी आम्हांला शिकवलं होतं. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बाबी? सुतक. भिकाजी? सुतक. धोंडू? तोही आमच्याच पणजोबाचा पणतू. वाडीत बावीस घरं कोचरेकरांची, एका रक्ताची, आणि बावीसच्या बावीस घरांत सुतक.

“गुरवाक सांगूया,” नाना म्हणाले.

“गुरवाक काल जुळे झाले. तेका सोयर.”

“दोनव एकदम?”

“जुळे म्हटल्यार दोनच असतत, भावजी.”

“मेल्यान हीच येळ गाठल्यान!” नाना करवादले.

गुरव सोडला तर दुसऱ्या वाडीतला माणूस चालत नाही. ज्याच्या चुलीचा धूर आमच्या शिवेत निघतो त्याचंच देवचार ऐकतो. पलीकडच्या वाडीतल्या एकानं एकदा नारळ दिला होता, तो तीनदा आपटून फुटला नाही आणि चौथ्यांदा त्याच्याच पायावर पडला. तो अजून लंगडतो. नानांची बोटं संपली आणि पडवीतल्या सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या, कारण तेविसावं घर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेविसावं घर आमच्या कुंपणाला लागून होतं. तिथे तातू गिरप राहायचे. होड्या बांधणारे मेस्त. बाबा तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके. त्यांची होडी मेस्तांनीच बांधली होती, आणि एकेकाळी दोघं एका ताटात जेवायचे म्हणे. मग बाबांनी त्यांची शिडी नारळ पाडायला नेली. शिडी परत गेली तेव्हा मेस्तांनी पायऱ्या मोजल्या आणि विचारलं, बारावी पायरी कुठाय? बाबा म्हणाले, मी नेली तेव्हा अकराच होत्या. मेस्त म्हणाले, माझ्या हातानं केलेली शिडी, मला शिकवतोस? त्या दिवसापासून एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी थेट बोलले नाहीत. पण बोलायचे मात्र रोज. बाबा सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून आमच्या खंड्या कुत्र्याला मोठ्यानं सांगायचे, “खंड्या, काय लोकांका बारापर्यंत मोजूक येणा नाय रे!” आणि कुंपणापलीकडून मेस्त आपल्या रंध्याला सांगायचे, “काय लोकां शिडयेच्यो पायऱ्यो खातत!” हे आटोपलं की दोघं कामाला लागायचे. वाडी अर्थात बाबांच्या बाजूनं होती. आम्हां पोरांना बेचे पाढे यायच्या आधी अकरा पायऱ्या येत होत्या.

“त्या मेस्ताक सांगूचा?” नाना उसळले. “आठ दिस झाले, तोंड तरी दाखवल्यान? बाजूक ऱ्हवता तो!”

ते खरं होतं, आणि आईला ते लागलं होतं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं. “जा. सांग, आवशीन पाठयल्यान.”

मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. मेस्त अंगणात एका फळीवर रंधा धरून बसले होते. रंधा चालत नव्हता. नुसता धरला होता.

“मेस्तानू,” मी हाक मारली.

“कोण?” त्यांनी विचारलं. मला ते जन्मापासून पाहत होते.

“भालू. जानू तांडेलाचो.”

“तो आसताना कधी पाठवल्यान नाय तुका.”

“आता आवशीन पाठयल्यान.” मी सगळं सांगितलं. तार, सोमवार, सुतक, गुरवाचे जुळे. ते फळीकडे बघत ऐकत होते.

“म्हणजे बावीस घरांतले मोठे मोठे तांडेल, आणि गाऱ्हाण्याक मी.”

“व्हय.”

त्यांनी मान वर केली. “शिडयेक पायऱ्यो किती होत्यो?”

बारा म्हटलं की काम फत्ते, बोट माझी. पण आठ दिवसांपूर्वी ज्याला खांदा दिला त्या माणसाला मी माझ्याच तोंडानं खोटारडा ठरवणार. अकरा म्हटलं की गाऱ्हाणं गेलं, बोट गेली, दोन वर्षं गेली. मी बारा म्हणायचं ठरवलं. अगदी नक्की ठरवलं आणि तोंड उघडलं.

“अकरा,” मी म्हणालो.

मेस्तांनी फळीवरून एकदा हात फिरवला. मी मनातल्या मनात ट्रंक रिकामी करायला घेतली होती.

“उद्या सकाळी आठाक येतंय,” ते म्हणाले. “पण मी काय बोलान ता देवाक बोलान. मधी कोणी तोंड घालूचा नाय. तुमी फकत व्हय म्हाराजा म्हणूचा.”

“ताच म्हणतत सगळे.”

“म्हणान सांगतंय,” ते म्हणाले आणि त्यांनी रंधा ओढला.

घरी हे सांगितलं तर नाना खूष. “बरा झाला, स्वस्तात सुटलंव,” असं ते चारचारदा म्हणाले.

शनिवारी सकाळी आठला सगळी वाडी सुरूच्या बनात हजर होती. नानांनी टाचेनं रेतीत एक लांब रेघ ओढली आणि जाहीर केलं की सुतकवाल्यांनी रेघेच्या अलीकडे राहायचं. सगळे रेघेवर ओळीनं उभे राहिले, शर्यतीला पोरं उभी करतात तसे. बायका त्यांच्या मागे. मी मधोमध, बोडक्या डोक्याचा. तेवढ्यात खंड्या रेघ ओलांडून गेला आणि देवचाराच्या दगडाशी जाऊन बसला. त्याला सुतक लागतं की नाही यावर दहा मिनिटं वाद झाला. धोंडूचं म्हणणं, बाबांच्या हातचं खाल्लंय तेव्हा लागतं. शेवटी नानांनी निकाल दिला, “घराचो असा, पण रक्ताचो नाय. बसांदे.”

मेस्त आले. आंघोळ केलेले, घडीच्या रेघा पडलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात नारळ. त्यांनी कोणाकडेही बघितलं नाही. दगडासमोर उभे राहून त्यांनी घसा साफ केला, आणि त्या काटकुळ्या देहातून असा काही आवाज निघाला की सुरूवरचे कावळे उडाले.

“बा देवचारा! ह्या शिवेच्या राखणदारा! दर्या तुझो, वारो तुझो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली.

“आज जानू तांडेलाचो झील परमुलखात जाता हा. तेच्या पाठीपुढे तू ऱ्हव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या बोटीक वाट दी, तेच्या पोटाक भात दी, तेच्या सायबाक बरी बुद्धी दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लय सापडली होती. मागून आईचा सुस्कारा ऐकू आला, समाधानाचा. मेस्तांचा आवाज आणखी चढला.

“तेचो बापूस जानू तांडेल! असो तांडेल झालो नाय नि होवचो नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नानांची छाती फुगली.

“हट्टी होतो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझी शिडी नेल्यान, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तिका बारा पायऱ्यो होत्यो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

बावीस घरं एका दमात म्हणाली. बेंबीच्या देठापासून म्हणाली. मीही म्हणालो. एकोणीस वर्षं लढवलेला किल्ला आम्ही स्वतःच्या हातांनी दार उघडून देऊन टाकला, आणि वर आरोळी ठोकली. मग फक्त लाटांचा आवाज येत होता.

“काय म्हटलंव आमी?” भिकाजीनं हळूच विचारलं.

नानांच्या ध्यानात आलं तसे ते मेस्तांच्या अंगावर धावले, रेघेपाशी पोचले, सुतक आठवलं, आणि एक पाय हवेत धरून तिथेच थांबले. “मेस्ता! फसयलंस! ता परत घेवचा पडात!”

“देवाक दिल्ला परत घेतत नाय,” मेस्त मागे न वळता म्हणाले.

“अकरा होत्यो! मेललो माणूस येवन सांगूक शकणा नाय म्हणान तू...”

आणि तेवढ्यात कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं. आई हसत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी गळत, ती गदागदा हसत होती. आठ दिवसांत तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता.

“बाराच होत्यो, भावजी,” ती म्हणाली. “एक मोडली. ह्यांनी ती गपचूप माझ्याकडे दिल्यानी आणि मी चुलीत घातलंय. तेच्यार भात शिजयलंय. तुमी पण जेवलास त्या दिवशी.”

नानांचा हवेतला पाय खाली आला. “मग दादा बोललो कसो नाय?”

“पयल्या दिवशी सांगूक लाजले. दुसऱ्या दिवशी मेस्तांनी आयबापावरसून शिव्यो घातल्यानी. मगे कसे सांगतले?”

आता मेस्त वळतील, बोट नाचवतील, एकोणीस वर्षांचं उट्टं काढतील असं मला वाटलं. ते वळले नाहीत. नारळ छातीशी धरून दगडाकडेच बघत राहिले. पुन्हा बोलले तेव्हा आवाज नेहमीचा होता, पुढच्यांनाच जेमतेम ऐकू येईल असा.

“आता जिकलंय, म्हाराजा.”

त्यांनी नारळाच्या शेंडीवरून अंगठा फिरवला.

“एकोणीस वर्सां जिकूक बसललंय. आता जिकलंय, पण ता सांगू कोणाक? सकाळी तेका काय बोलूचा ता मी आदल्या दिवशीच ठरवन ठेवय. आठ दिस झाले, ठरवतंय आणि आयकूक कोण नाय. तेच्या दारात येवचा होता माका. पाय उचलाक नाय. सगळ्यांनी म्हटला असता, बघा, माणूस गेलो तरी मेस्त शिडयेसाठी इलो.” ते थांबले. नाक ओढलं. “म्हणान एकच मागतंय. ह्यो पोर काल माझ्या कुंपणाक हुभो ऱ्हवान अकरा म्हणालो. बोट गेली तरी चलात, पण अकरा म्हणालो! तेचोच असा तो, म्हाराजा. तेका सुखरूप परत हाड. तेना येवचा, आणि माझ्याशी भांडूचा. माका भांडूक माणूस होया. तोपर्यंत मी मरूचंय नाय, ह्या माझा बोलणा. पण तू तेका हाड, म्हाराजा!”

यावर व्हय म्हणायचं की नाही हे कोणाला कळेना. आत्ताच एकदा पोळलेली वाडी नानांच्या तोंडाकडे बघत होती आणि नाना आपल्या पायाकडे. आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका कधी बोलत नाहीत. पण मागून आईचाच आवाज आला, एकटीचा, खणखणीत.

“व्हय म्हाराजा!”

आणि मग सगळ्यांचा. मेस्तांनी नारळ आपटला. पहिल्याच फटक्याला त्याची दोन भकलं झाली. आठ दिवस मी लोकांना रडताना बघत होतो. त्या रेघेवर मी पहिल्यांदा रडलो. मंजूकाकीनं मला पोटाशी धरलं, आणि या वेळी तिच्या हातात पुडी नव्हती.

दहाच्या एसटीला सगळी वाडी आली, मेस्त सोडून. कंडक्टरनं ट्रंक हुंगली आणि ती टपावर टाकायला लावली. मुंबईला ती उतरवली तेव्हा खोलीतले पाच गाववाले नुसत्या वासानं जिन्यावर धावत आले. बोटीवर पोचेपर्यंत निम्मी सुंगटं संपली होती.

त्या बोटीवर मी अकरा महिने काढले. वादळं पाहिली, बर्फ पाहिला. एकदा दोरखंडानं माझा हात तुटता तुटता वाचला. भीती वाटायची तेव्हा मी कसल्याच देवाचं नाव घेतलं नाही. मेस्तांना काय बोलायचं ते ठरवत बसायचो. कुठून सुरुवात करायची, ते काय म्हणतील, मग आपण काय म्हणायचं. आता निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. अठ्ठावीस सफरी केल्या, पण पहिल्या परतीची ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

पत्रानं कळवलेल्या दिवशी मी ट्रंक खांद्यावर घेऊन खळ्यात शिरलो. आई धावत बाहेर आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपून पाहिले, रोडावलंस म्हणाली, रडली. मी ट्रंक खाली ठेवायला वाकलो तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं आणि कुंपणाकडे वळवलं.

“ती मगे ठेव,” ती म्हणाली. “आदी जा नि भांडान ये. मेस्त सकाळपासून आंघोळ करून बसलोहा.”